एकच वाजू दे

वसराम, परवापर्यंत दोन्ही पंप तुझ्या अंगणातल्या लाकडी खोक्यावर तसेच पडून होते. एक तुझा, एक माझा, मधे तुझा चष्मा. गोदावरीवहिनी कुणाला हात लावू देत नव्हत्या. मी सहज माझा पंप उचलायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. तुमचं भांडन मिटलं कुठी अजून?"

परवा त्यातला एक उचलला. कोणता, ते शेवटी सांगतो. तुला माझी खोड माहीत आहे. "बे नाटक्या, सरळ सांग ना!" असं तू ओरडायचास आणि मी मुद्दाम पाणी प्यायला उठायचो. आता ओरडायला कोणी नाही, तरी पाणी पिऊन आलो.

तुझ्या शाळेनं मला तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. मी बसलो, 'शिस्तप्रिय शिक्षक' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ज्या माणसानं सातवीच्या वर्गात टेबलावर कार्बोरेटर उघडला आणि पेट्रोलच्या वासानं शेजारच्या वर्गाची प्रार्थना बंद पाडली, तो शिस्तप्रिय? वर हेडमास्तरांना सांगितलंस, "सर, दाब अन् प्रवाह, पाठ सहावा." असली थाप मी कचेरीत मारली असती तर माझी बदली झाली असती. तेव्हा ती दोन पानं दुसरं कोणीतरी लिहील. हे तुला.

पात्रपरिचय मात्र करून देतो, नाहीतर मी कसला निवेदक? पात्र पहिलं, वसराम: फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा, आश्रमशाळेत विज्ञानाचा मास्तर, घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. पात्र दुसरं, मी: पुसदचा. आजा कचेरीत, बाप कचेरीत, मीही कचेरीत. संध्याकाळी गणपतीत नाटक, लग्नात निवेदन, मयतीत भाषण. पात्र तिसरं, जीप: गोदावरीवहिनींच्या वडलांची, पेट्रोलवरची, रंग विचारू नका. ह्याच जीपमधून वहिनी नांदायला आल्या. सासऱ्यानं जाताना ती तुझ्या नावावर केली, आणि पुढं तिचं इंजिन असं जाम झालं की रज्जाकभाईनं गॅरेजमध्ये हातोडा मारून, कान लावून सांगितलं, "मास्तर, मिट्टी दे दो इसको."

चौथं पात्र तुझ्या छातीत होतं. ते वाजायचं.

नागपूरला तुझ्या काळजात धातूची झडप बसवली तेव्हा डॉक्टरांनी आपल्याला सगळं समजावून सांगितलं: गोळी चुकवायची नाही, रक्त पातळ ठेवायचं, पालेभाजी एकदम वाढवायची नाही. आवाजाचंही सांगितलं असेल, पण आपण दोघं तेव्हा तिथल्या मशीनला कोणतं बेअरिंग असेल ह्यावर वाद घालत होतो. घरी आल्यावर तू ओट्यावर बसलास, आजूबाजूला शांत झालं, आणि ऐकू आलं. टिक. टिक. टिक. वहिनींनी भिंतीवरचं घड्याळ काढून पाहिलं. ते तर बंद होतं.

पुढं त्याची काय काय गंमत केली आपण! तुझ्या शाळेत जुन्या हेडमास्तरांना श्रद्धांजली होती. दोन मिनिटं शांतता. मी निवेदक, माइकजवळ. पाहुणे म्हणून आलेले साहेब डोळे मिटून उभे होते, त्यांनी एक डोळा उघडला, मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, हलवलं, शेजारच्याच्या घड्याळाकडं पाहिलं. तू ते सगळं पाहत होतास. आणि तू, शिस्तप्रिय शिक्षक, हळूच तोंड उघडलंस. तोंड उघडलं की आवाज दुप्पट यायचा, जसं डब्याचं झाकण काढावं. टिक! टिक! पहिली रांग हसत फुटली. मग दुसरी. मला माइकसमोर खोकल्याचं नाटक करावं लागलं, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट नाटक होतं.

पत्त्यांत तर तू कामातून गेलास. चांगली पानं आली की टिकटिक वाढायची. सगळे पानं खाली टाकायचे. "लेकहो, हे तं अन्यायाचं झालं," तू म्हणायचास, "माह्या छातीत तुमचा माणूस बसला हाय."

मी हे सगळं सांगतोय कारण ते लोकांना हसवतं. मयतीत हसवणारा माणूस म्हणून माझं नाव आहे. पण वसराम, ह्या वेळी समोरचे हसतात आणि मला माझाच राग येतो.

जीपवर येतो.

रज्जाकभाईनं इंजिनाला माती द्यायला सांगितलं आणि तू ठरवलंस की दुसरं बसवायचं. एका जुन्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन त्याच्याकडं पडलं होतं, चालू, तोंडाला पेट्रोलची वाटी भरून ठेवणारा कार्बोरेटर. परवानगीचे कागद माझ्याकडं, कारण कचेरी माझ्या रक्तात. इंजिन तुझ्याकडं, कारण लोखंड तुझ्या छातीत. असं तूच म्हणाला होतास, मी नाही. बसवता बसवता उन्हाळा लागला. सगळं बसलं, एक सोडून. व्हॅनच्या इंजिनाला पेट्रोल चढवणारा पंप कडेला असतो, आणि जीपमध्ये त्याच जागी स्टेअरिंगचा दांडा. दोघांतला एकच राहू शकत होता. रज्जाकभाईनं पंप काढून त्या भोकावर पत्रा ठोकला आणि म्हणाला, "अब बाहर से बिजली का लगाव. छोटा वाला, कम दाब का. जास्ती दाब दिया तो कार्बोरेटर उल्टी करेगा."

पहिला पंप आपण हाताला लागेल तो घेतला, आणि आपण दोघांनी मिळून तो इंजिनाशेजारी, वर, पत्र्याला ठोकला. आपल्या भागातला माणूस दुसरं करणारही काय? आपल्याकडं पंप म्हणजे विहिरीच्या काठावरची मोटर. ती वर बसते, पाणी खालून ओढते, आणि शेतकरी बाजूला बसून विडी ओढतो. आपल्याला वाटलं पेट्रोलही तसंच येईल. वर ठोकायची कल्पना कोणाची होती, ह्यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, तुझी होती.

त्या पंपाचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेला भुंगा. ऐन मे महिना, आणि तू वहिनींना म्हणालास, "बस. तुह्या बापाच्या जीपीत तुले माहेरी नेतो." त्यांचं माहेर पांढरकवड्याच्या पलीकडं. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, डब्यात भाकरी, ठेचा आणि गूळ घेतला. मी मागं बसलो, कारण तुला ऐकवायला कोणीतरी लागायचं. पहिल्याच चढावर भुंगा किंचाळायला लागला, मग रडायला, मग गप्प. इंजिनाच्या धगीत पेट्रोलची वाफ झाली होती आणि पंप वाफ ओढत बसला होता. तू प्यायचं पाणी त्याच्यावर ओतलंस. मग माझं. मग वहिनींच्या पदराचं टोक भिजवून त्याला गुंडाळलंस, आणि त्या तशाच पदराला बांधलेल्या, रस्त्याच्या कडेला, बोनेटवर वाकून उभ्या! येणारे ट्रकवाले हॉर्न देऊन नमस्कार करत होते. त्यांना वाटलं आपण गाडीची पूजा करतोय.

परत आलो ट्रॅक्टरच्या मागं. तांड्यावर उतरताना वहिनी म्हणाल्या ते वाक्य मी नाटकात घालणार आहे: "मह्या बापानं मले ह्या जीपीत आनलं. अन् नवऱ्यानं जीपीले टॅक्टरनं आनलं."

तू हसलास. पण त्या आत गेल्यावर मला म्हणालास, "नाटक्या, मले तिले तिकडं न्याचंच हाय." टिकटिक जरा जोरात होती.

मग आपण अभ्यास केला. पेट्रोलचा पंप ढकलण्यात पक्का आणि ओढण्यात कच्चा, म्हणून तो टाकीजवळ, टाकीपेक्षा खाली लावायचा, की पेट्रोल आपोआप त्याच्या तोंडाशी यावं. आधी कचरा अडवणारी जाळी, मग पंप. एक्झॉस्टच्या नळापासून लांब. पत्र्याला थेट ठोकायचा नाही, रबराच्या तुकड्यावर टांगायचा, नाहीतर सगळी गाडी त्याच्यासोबत गुणगुणते. हे सगळं तू मला वर्गात शिकवावं तसं शिकवलंस, आणि मी मागच्या बाकावरच्या पोरासारखा मधेमधे बोललो. इथपर्यंत आपलं एकमत होतं. पुढं महाभारत.

तू मागवलास तो शांत पंप. गुळगुळीत, बिस्किटाच्या पुड्याएवढा. मी आणला तो पांढरकवड्याच्या हायवेवरच्या दुकानातून, ट्रकवाल्यांच्या भरवशाचा, चौकोनी, दिसायला दगड. तो टकटक करायचा. रिकामा असला की भरभर: टकटकटकटक. कार्बोरेटर भरत आला की सावकाश: टक… टक. पेट्रोल संपलं किंवा नळी फुटली की पुन्हा भरभर. म्हणजे जे होतंय ते तो बोलून दाखवायचा. मला तो पाहताक्षणी आवडला. माझ्याच जातीचा होता.

तुझ्या अंगणात परीक्षा झाली. कडुलिंबाखाली, उघड्यावर, पेट्रोलची कॅन एकीकडं, बॅटरी लांब दुसरीकडं, रज्जाकभाई पंच. त्याला आधीच बजावलं होतं की विडी पेटवायची नाही, तर तो बिचारा न पेटवता ओठात धरून बसला. तुझा पंप सुरू झाला. म्हणजे झाला असं तू म्हणालास. मला काही ऐकू आलं नाही, मी नळीकडं पाहिलं तेव्हा कळलं. मग माझा: टकटकटकटक! कोंबड्या पळाल्या. दुपारभर दोन्ही चालवले, ऊन तापत गेलं. दोघंही थकले नाहीत. दोन्हींची धार सारखी.

"दोनों पास," रज्जाकभाई म्हणाला. "अब तुम दोनों आपस में फेल हो जाव. मैं चला विडी पीने."

म्हणजे प्रश्न उरला तो फक्त आवाजाचा, आणि आवाजावर मी आयुष्य काढलंय. मी उभा राहून भाषण केलं. "जो वाजतो तो सांगून जातो. तुझा हा गुळगुळीत एक दिवस घाटात न सांगता जाईल. शांत वस्तूंचा काय भरवसा?"

"भरवसा म्हन्जे आवाज काय बे? मंग तं तू जगातला सगळ्यात भरवशाचा माणूस होशील."

"तुझ्या घरी वहिनी बोलायच्या थांबल्या, तर तुझा भरवसा वाढतो का कमी होतो?"

"त्याईले मधात नको आनू."

"बरं. तुझ्या पणज्याला आणतो. ओझं वाहणाऱ्या लदेणीच्या बैलांच्या गळ्यात त्यानं घंटा बांधल्या त्या काय शोभेला? मीठ घेऊन तांडा चाललाय, पुढं अंधार, मागं अंधार. घंटा वाजतेय म्हणजे बैल चालतोय. टकटक म्हणजे तीच घंटा, वसराम!"

मला वाटलं, जिंकलो. तू नळीतलं उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये सोडलंस. मग म्हणालास, "घंटा बैलाच्या गळ्यात होती, नाटक्या. पनज्याच्या छातीत नोती."

मी हसलो. तू नाही हसलास. वहिनी आत होत्या, रज्जाकभाई विडीला गेला होता, आणि तू जे बोललास ते मी अक्षरन् अक्षर लिहून ठेवतो, कारण तसं तू कधी बोलत नसायचास.

"तुले वाटते मले आवाजाचा कंटाळा आला. तसं नाई. मी तुह्याच बाजूचा हाय. वाजते म्हनूनच भरवसा. मी सकाळी उठतो ना, डोये उघडाच्या आधी ऐकतो. वाजून राह्यलं म्हन्जे मी हाय. चालता चालता ऐकतो, शिकवता शिकवता ऐकतो. आज तुहा पंप वाजत होता तवा दोन आवाज झाले. त्याचा ताल येगळा, माहा येगळा. थोड्या वेळानं मले समजेना की माहा कोनता. नाटक्या, मले घाम फुटला. गाडी चालोताना असं झालं तं? म्हनून शांत पायजे. एकच वाजू दे."

मी माझा पंप पुसून खोक्यावर, तुझ्या पंपाशेजारी ठेवला. मी म्हणालो, "रविवारी येतो, तेव्हा ठरवू." तूही म्हणालास, "हाव, रविवारी. अन् जाळी चांगली आन, मांगच्या सारखी चायनी नको." मी मोटरसायकल सुरू केली. तू फाटकापाशी आलास, कारण मी किक मारताना पडतो की काय हे पाहायला तुला आवडायचं.

रविवार आलाच नाही. म्हणजे कॅलेंडरवर आला.

फोन आला तेव्हा मी कचेरीत चहा पीत होतो. तांड्यावर पोचलो तेव्हा तुला ओट्यावर खाटेवर निजवलेलं होतं. जेवून बसला होतास, पाणी मागितलंस, आणि वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा तू नव्हतास. बाया रडत होत्या, तुझी म्हातारी काकू तुमच्या बोलीत 'मारो बापू, मारो बापू', माझा बापू, करत होती, माणसं फोनवर नातेवाइकांना कळवत होती. आणि मी, लोकांच्या मयतीत आवाज चढवून बोलणारा, तिथं उभा राहून ओरडलो, "चूप! सारे चूप बसा! एक मिनिट चूप बसा!"

सगळे घाबरून गप्प झाले. मी खाली बसलो आणि तुझ्या छातीला कान लावला. मग आठवलं, तोंडातून आवाज मोठा येतो. तुझं तोंड थोडं उघडंच होतं. तिथं कान लावला.

डॉक्टर येऊन गेले होते. वहिनींना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. तरी सारा तांडा माझ्या चेहऱ्याकडं पाहत होता, जणू मी उठून काही सांगेन. मी उठलो नाही. रज्जाकभाईनं मला उठवलं.

तुझ्या मनासारखं झालं होतं. कुठंच काही वाजत नव्हतं.

आणि माझ्या भाषणाचं काय झालं ते बघ. जो वाजतो तो सांगून जातो, म्हणालो होतो ना? तू तर वाजत होतास. दिवसरात्र, पत्त्यांत, प्रार्थनेत, माझ्या विनोदांच्या मधे. न सांगता गेलास. त्या खोक्यासमोर मी उभा राहिलो की माझा तो चौकोनी दगड मला खोटारडा वाटायचा. वाद तू जिंकलास. पण असं जिंकतात का, लेका? समोरच्याला हरल्याचं कबूल तरी करू द्यायचं असतं.

शाळेत तुला श्रद्धांजली झाली. निवेदक मीच. दोन मिनिटं शांतता म्हणालो आणि समोर पाहत उभा राहिलो. मुलं शहाण्यासारखी उभी होती. पहिल्या रांगेतली काही डोळे उघडून इकडंतिकडं पाहत होती, कान देऊन. ती वाट पाहत होती. मीही. दोन मिनिटं इतकी मोठी असतात हे मला त्या दिवशी कळलं. संपली तेव्हा मी माइकवर काहीच बोललो नाही, आणि लोकांना वाटलं माइक बंद पडला.

तेरवी झाली. पाहुणे गेले. परवा वहिनींनी निरोप धाडला, रज्जाकभाईला घेऊन या. आम्ही आलो तेव्हा त्या जीपजवळ उभ्या होत्या, खोक्यावरचा तुझा चष्मा त्यांच्या हातात.

"भाऊजी, पंप लावून द्या. जीप चालू करा."

मी तुझा शांत पंप उचलला. त्यात माझी हार होती, आणि ती मला हवी होती. तेवढंच मी तुला देऊ शकत होतो. पण वहिनी म्हणाल्या, "तो नाई. टकटकवाला."

"वहिनी, वसरामला शांत पाहिजे होता."

"मले माहीत हाय."

"नाही, ऐका. हाच चांगला." आणि मग मी सुरू झालो. वसराम, तू असतास तर पोट धरून हसला असतास! मी तुझी बाजू मांडली. तुझे सगळे मुद्दे, तुझ्या आवाजात, तुझे हातवारे करून. भरवसा म्हणजे आवाज नव्हे. दुपारभर चालवून पाहिलाय. रज्जाकभाई साक्षीला आहे. घंटा बैलाच्या गळ्यात असते. ज्या पंपाला मी जन्मभर नावं ठेवली असती त्याचं मी असं गुणगान केलं की दुकानदारानं मला नोकरी दिली असती. वहिनी ऐकत होत्या. माझे मुद्दे संपले तेव्हा मी शेवटचं सांगितलं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. "तो मला म्हणाला होता, वहिनी. एकच वाजू दे म्हणाला होता."

त्यांनी चष्मा पदरानं पुसला.

"मंग? आता एकच तं वाजन, भाऊजी. दुसरं कुठी हाय?"

रज्जाकभाईनं मान खाली घातली आणि पान्हा शोधायला लागला, तो त्याच्या हातातच होता.

चष्म्याच्या काड्या मिटून त्या म्हणाल्या, "घर लय चूप झालं. इतके वर्सं त्या आवाजावर झोपत होती मी. मधात थांबला की काय म्हनून जाग ये, अन् वाजत राहे, मंग झोप लागे. आता जाग येते अन् येतच राह्यते. तुमी तो लावा."

लावला. टाकीजवळ, टाकीच्या खाली, रबरावर, आधी चांगली जाळी, चायनी नाही. रज्जाकभाईनं एकही विनोद केला नाही, मीही नाही. कार्बोरेटर रिकामा होता. वहिनी डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या, जिथं त्या नांदायला येताना बसल्या होत्या, जिथं मे महिन्यात लुगडं नेसून बसल्या होत्या. चालवायच्या सीटवर मी बसलो नाही. बाहेर उभा राहून आत हात घातला आणि किल्ली अर्धी फिरवली. इंजिन नाही, फक्त पंप.

टकटकटकटकटक.

वहिनींनी डोळे मिटले. पंप भरभर वाजत होता, पत्ते चांगले आल्यासारखा. मग जरा सावकाश झाला. टक. टक. टक. त्यांनी एक हात सीटवर ठेवला, तुझ्या बाजूला, आणि त्यांचा चेहरा सैल होत गेला. मला वाटलं, त्या झोपतील. टक… टक… आणि मला कळलं काय होणार आहे. मला आधीच कळायला हवं होतं. तो पंप मीच निवडला होता, त्याचे गुण मीच गायले होते.

टक.

मग काही नाही.

वहिनींनी डोळे उघडले. "काय झालं? काहून थांबला?"

"भरलं की थांबते, भाभी," रज्जाकभाई हळूच म्हणाला. "कार्बोरेटर भर गया."

"मंग आता?"

"आता इंजिन सुरू करायचं," मी म्हणालो. "इंजिन पेट्रोल पितं, तो पुन्हा वाजतो."

"मंग करा."

मी किल्लीवरचा हात तसाच ठेवला. वसराम, रज्जाकभाईनं पाठ फिरवली होती, म्हणजे हे एक वाक्य माझ्याच वाट्याचं. "वहिनी, इंजिन सुरू झालं की त्याच्या आवाजात टकटक ऐकू नाही येत." आपलं सारं भांडण इंजिन बंद असतानाच झालं होतं.

रस्त्यावरून कोणाची तरी बैलगाडी गेली. मग त्या म्हणाल्या, "राहू द्या मंग."

मी किल्ली मागं फिरवली. पांढरकवड्याचा रस्ता फाटकातून सरळ दिसत होता. आम्ही तिघं तिथंच होतो, त्या आत, आम्ही दोघं बाहेर, आणि ऐकत होतो.